बंद पडलेल्या कोळसा खाणीतले शब्द कुणाकडे शिल्लक आहेत?

चानकवाली

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं नुसतीच वाचतेय इथे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

माझे बाबा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका अंडरग्राउंड कोळसा खाणीत एकतीस वर्षं होते. आधी लोडर, मग परीक्षा देऊन माइनिंग सरदार, म्हणजे पाळीतल्या आपल्या भागावर देखरेख करणारा. ती खाण बंद होऊन आता बरीच वर्षं झाली. चानकाचं (खाली उतरायच्या उभ्या विहिरीचं) तोंड काँक्रीटनं बुजवलं, बत्तीघराचे (खाणीतले दिवे द्यायच्या खोलीचे) पत्रे कुणीतरी नेले, आणि हाजरीची रजिस्टरं ऑफिस हलवताना रद्दीत गेली म्हणतात. कुणी टाकली, का टाकली, त्यात मला शिरायचं नाही. गेली ती गेली.

मी सध्या इंग्लंडात डर्बीशरमध्ये असते, नोकरीनिमित्त. इथे शेल्डन नावाच्या एका लहानशा गावाबाहेर मॅगपाय माइन नावाची शिशाची जुनी खाण आहे. तीनशे वर्षं कधी चालू कधी बंद असं करत १९५० च्या दशकात ती कायमची थांबली. आता माळावर इंजिनघराच्या अर्धवट भिंती, दोन चिमण्या, एक लोखंडी सांगाडा आणि खाली सातशे फुटांहून खोल चानक, एवढंच आहे. पीक डिस्ट्रिक्ट माइन्स हिस्टॉरिकल सोसायटी ही हौशी माणसांची संस्था १९५९ साली निघाली आणि १९६२ पासून या खाणीचा सांभाळ तीच करते. महिन्यातून एखाद्या शनिवारी मीही जाते. काम काही फार थोर नसतं. पहिल्या दिवशी माझ्या हातात तारेचा ब्रश दिला आणि एका भिंतीच्या सांध्यांतलं जुनं सिमेंट खरवडायला बसवलं. मधल्या काळात कुणीतरी चांगल्या मनानं सिमेंट भरलं होतं, त्यामुळे पाणी दगडातच अडकून राहायचं आणि थंडीत दगडाचे पापुद्रे सुटायचे. आता तिथे चुना भरतात. आमच्याकडे आजीच्या घराला चुनाच होता आणि आम्ही त्याला मागासलेपण म्हणायचो, हे त्या भिंतीपुढे उकिडवं बसल्यावर आठवलं.

तर मुद्दा. या लोकांना दगडांइतकाच जीव शब्दांचा आहे. इथल्या खाणीतून पाणी वाहून नेणाऱ्या बोगद्याला ‘सफ’ म्हणतात. चानकावरच्या हातरहाटाला ‘स्टो’, वर ओढायच्या बादलीला ‘किबल’, चानकाच्या तोंडाशी कोरडे कपडे ठेवायची जी दगडी खोपटी असते तिला ‘को’. आणि आपल्या आधी कुणी खणून गेलेला असेल तर त्याला म्हणायचं ‘टाउड मॅन’, म्हणजे म्हातारबाबा. आपण खणत गेलो आणि पुढे एकदम जुनी पोकळी लागली, तर ‘म्हातारबाबा येऊन गेला’ असं. पार १६५३ साली इथल्या खाण-न्यायालयाच्या कारभाऱ्यानं खाणीचे सगळे कायदे पद्यात बांधले, खाणकऱ्यांना तोंडपाठ व्हावेत म्हणून, आणि त्यात ओळीच्या ओळी नुसत्या खाणीतल्या शब्दांच्या आहेत. त्यातले कित्येक आज कुणी बोलत नाही, पण कागदावर आहेत. ते न्यायालयही अजून वर्षातून एकदा वर्क्सवर्थ गावात भरतं, आणि पंचांना पाव, चीज, बिअर आणि चिलीम मिळते.

हे सगळं पाहताना मला आमच्या घरातली मराठी आठवायला लागली.

लहानपणी बाबा रात्रपाळीहून येऊन आईला सांगत, “आज चार नंबरची चाल खराब होती.” मला वाटे, चार नंबर ही कुणी बाई आहे. आई कपाळाला हात लावून “देवा” म्हणायची, त्यामुळे माझी खात्रीच पटलेली. चाल म्हणजे खाणीचं छत, हे मला सातवीत कळलं. शाळेत बाईंनी विचारलं, वडील कामाला कशानं जातात, तर मी सांगितलं, “डोलीत बसून.” वर्ग हसला. चानकातून खाली सोडायचा पिंजरा म्हणजे डोली. आणि गोफ! आधाराला ठेवलेले कोळशाचे खांब काढून घेतल्यावर मागे जी पोकळी पडू देतात ती गोफ. एकदा बाबा दारातूनच ओरडले, “गोफ पडला!” शेजारच्या काकू बिचाऱ्या कंदील घेऊन अंगणात सोन्याचा गोफ शोधायला लागल्या.

चाल, डोली, गोफ, मलकट्टा (कोळसा फोडणारा), बत्तीघर, मगजीन (स्फोटकांची कोठी), टिंडल (जड सामान हलवणारा). काही हिंदी, काही इंग्रजीचा चुरा, काही झारखंडातल्या झरियाच्या कोळसापट्ट्याकडून आलेल्या माणसांनी आणलेले. आमच्या कॉलनीत तेलुगू होते, छत्तीसगढी होते, बिहारचे होते, आमच्यासारखे गावचे होते. वर सगळ्यांची भाषा वेगळी, खाली एकच. तिची यादी कुठे कुणी केली आहे का? मला तरी सापडली नाही.

आता अडचण. बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. तब्येत ठणठणीत, स्मरण पक्कं. पण मी फोनवर रेकॉर्डिंग लावून “बाबा, खाणीतल्या आठवणी सांगा ना” म्हटलं की ते म्हणतात, “त्यात काय सांगाचं आहे? जाचो अन् याचो.” संपलं. तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी त्यांनी मलाच इथल्या बटाट्याचा भाव विचारला.

मागच्या उन्हाळ्यात ते इथे आले होते तेव्हाची एक गोष्ट सांगून थांबते. मॅटलॉक बाथला सोसायटीचं खाण-संग्रहालय आहे, आणि रस्त्यापलीकडे टेंपल माइन नावाची छोटी खाण, तिच्यात माणसांना आत नेतात. मी बाबांना घेऊन गेले. डोक्यावर हेल्मेट आल्याबरोबर त्यांची चालच बदलली (म्हणजे आपली मराठीतली चाल). आत पाच-सहा पावलं गेल्यावर ते थांबले आणि हातातल्या छत्रीच्या टोकानं छतावर ठोकलं. एकदा. पुढे सरकून पुन्हा. कान तिरपा. दाखवणारे गृहस्थ सत्तरीचे असतील, ते बोलता बोलता गप्प झाले आणि पाहत राहिले. मग त्यांनी स्वतःची काठी उचलून दुसऱ्या जागी ठोकलं आणि बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “टणक.” मी भाषांतर करायच्या आत त्या गृहस्थांनी मान डोलावली. मी मध्ये पडून विचारलं, खराब असेल तर कसं वाजतं? इंग्रज म्हणाले, ढोलासारखं. बाबा म्हणाले, “भद्द बोलते.” पुढची दहा मिनिटं दोघे छत ठोकत फिरले आणि मी मागून छत्रीचं कव्हर धरून.

बाबांच्या स्वतःच्या खाणीत मी कधीच उतरले नाही. १९५२ च्या खाण कायद्यात बाईला जमिनीखाली कामाला मनाई होती, ती २०१९ साली सैल झाली, तोवर आमची खाणच उरली नव्हती. म्हणजे बापाचं काम मी पहिल्यांदा पाहिलं ते परमुलखात, शिशाच्या खाणीत.

तर प्रश्न दोन: (१) जुन्या खाणकामगाराला बोलतं कसं करायचं? (२) तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे शब्द, नकाशे, बिल्ले, डायऱ्या काही आहे का?

---

निवृत्त ओव्हरमन

बाई, वाचून बरं वाटलं. मी त्याच पट्ट्यात छत्तीस वर्षं काढली. नाव लिहीत नाही, बाबा ओळखतीलही.

तू प्रश्न चुकीचा विचारतेस. “आठवणी सांगा” म्हटल्यावर माणसाला वाटतं, काहीतरी मोठं सांगायचं आहे. अपघात, मरण, नाहीतर साहेबाचं कौतुक. आम्ही त्यातलं बरंच विसरायचा प्रयत्न करत असतो. असं विचार: पहिल्या पाळीला घरून किती वाजता निघत होते? बत्तीघरात खिडकी कोणत्या बाजूला? टोकन कुठे अडकवत? सेफ्टी लॅम्प कुणाकडून तपासून घेत? सरदाराला पाळी सुरू होण्याआधी आपला भाग फिरून यावं लागतं. तो फेरा पावलापावलानं विचार. पहिलं ठिकाण कोणतं, तिथून उजवीकडे की डावीकडे. माणूस आपोआप चालू लागेल.

आणि एकट्याला बसवू नको. जोडीला कुणीतरी खाणीतलाच हवा, चुका काढणारा. चुका काढल्याशिवाय आमची माणसं बोलत नाहीत.

सेफ्टी लॅम्पचं म्हणशील तर ज्योत बारीक करून छताजवळ हळू न्यायची. वर निळसर टोपी दिसली तर मिथेन. खाली नेल्यावर ज्योत मंदावली, विझू लागली तर हवेत प्राणवायू कमी, काळा वायू साठला आहे. मिथेन हलका, तो वर. काळा वायू जड, तो खाली. हे लिहितो आहे ते मुद्दाम. हा धागा वाचून कुणा हौशी पोरांनी जुन्या इन्क्लाइनचं (खाणीत उतरायच्या तिरप्या वाटेचं) कुलूप तोडून आत जायचा बेत करू नये. बंद खाणीत काळा वायू दिसत नाही, वास येत नाही. दोन पायऱ्या उतरला की गुडघे सुटतात, आणि त्याला काढायला उतरलेला दुसरा पण तिथेच. जे काही जतन करायचं ते वर बसून.

आता नकाशांबद्दल. लोक म्हणतात, जुने कागद म्हणजे हौस. २७ डिसेंबर १९७५, चासनाला. वरच्या जुन्या कामात साठलेलं पाणी फुटून खाली आलं, ३७५ माणसं गेली. २ फेब्रुवारी २००१, बागडिगी. शेजारच्या बंद खाणीतलं पाणी घुसलं, २९ गेले. दोन्ही झरियाकडच्या. जुनं काम नेमकं कुठपर्यंत गेलं होतं, हे माहीत असणं म्हणजे आमच्या धंद्यात जीव. तेव्हा घरी कुणाकडे जुना प्लॅन असेल, फाटका का असेना, तो कपाटाच्या तळाशी अंथरू नका.

शब्दांत माझी भर: चाल बरोबर. चाल ‘बोलते’, चाल ‘झरते’ (बारीक खडे पडू लागले की), चाल ‘बसते’. छताला टेकू दिलेला लाकडी खांब म्हणजे प्रॉप, पण आम्ही ‘पराप’ म्हणायचो. गैंता (कुदळ), सब्बल (पहार), बेलचा (फावडं) सगळ्यांना माहीत. टब (कोळशाचा डबा) रुळावरून उतरला तर ‘टब पडला’, आणि तो पुन्हा चढवायला जो बोलायचा तो शब्द इथे लिहिता येत नाही.

---

उगाचच_आगाऊ

कोळशाच्या खाणीचा इतिहास जतन करायचा, मग उद्या गिरणीच्या भोंग्याचा, परवा एसटीच्या तिकीट मशीनचा. त्या कामगारांना पेन्शन नीट मिळते का ते बघा आधी.

---

चानकवाली

@आगाऊ, पेन्शनच्या कामासाठीच बाबांना जुनी हाजरी लागली होती. तीच रद्दीत गेली. आता सांगा, कागद जपणं ही चैन आहे का?

@ओव्हरमन काका, तुमचे आभार कसे मानू! ‘चाल झरते’ हे बाबा म्हणायचे! मी विसरूनच गेले होते. पावलापावलानं विचारायचं लक्षात ठेवते. आणि तो न लिहिता येणारा शब्द मला माहीत आहे, आमच्या घरात तो स्कूटर सुरू होत नसली की निघायचा.

---

पिट्सबर्गकर

काकांच्या नकाशाच्या मुद्द्याला जोडून एक, माझ्या घरापासून दीडेक तासावरची गोष्ट. पेनसिल्व्हेनियातली क्वेक्रीक खाण. २४ जुलै २००२ च्या रात्री नऊ माणसं खाली अडकली, कारण शेजारची सॅक्समन नावाची जुनी, १९६३ च्या सुमारास बंद पडलेली खाण पाण्यानं भरलेली होती आणि यंत्रानं खणता खणता तिची भिंत फुटली. त्यांच्याकडच्या नकाशाप्रमाणे जुनी खाण अजून लांब होती. नशीब, वरून २४० फूट भोक पाडून, गरम हवा सोडून, शेवटी एकेकाला पिंजऱ्यातून वर काढलं. सगळे नऊ वाचले.

नंतर कळलं की जुन्या खाणीचा शेवटचा, पूर्ण नकाशा अस्तित्वात होता. जवळच्याच विंडबर गावच्या कोळसा-संग्रहालयात. एका जुन्या खाण-निरीक्षकाच्या घरातल्या कागदांबरोबर तो तिथे आला होता. म्हणजे कुटुंबानं कागद फेकले नाहीत, संग्रहालयानंही ते ठेवून घेतले, आणि तरी ज्याला हवे होते त्याला पत्ता नव्हता. त्यामुळे ताई, जे काही गोळा कराल त्याची यादी आधी जाहीर करा, निदान ‘आमच्याकडे अमुक आहे’ एवढं तरी. वस्तू मागाहून.

---

कोलारचा_पाहुणा

मॅगपाय माइनचं नाव वाचून चमकलो. मी बेंगळूरूला असतो, जाऊन-येऊन कोलारच्या सोन्याच्या खाणींबद्दल वाचत असतो. १८३९ मध्ये ही मॅगपाय खाण जॉन टेलर नावाच्या खाण-व्यवस्थापकानं हातात घेतली होती ना? त्यानं कॉर्नवॉलची पद्धत तिकडे नेली, पाणी उपसायला वाफेचं इंजिन बसवलं. तो १८६३ ला गेला. आणि १८८० पासून कोलारला खाणी चालवल्या त्या जॉन टेलर अँड सन्स या त्याच घराण्याच्या कंपनीनं. म्हणजे तुम्ही ज्या भिंतीचं सिमेंट खरवडता आणि कोलारच्या चानकावरचे जे सांगाडे उभे आहेत, त्यांना चालवणारं घराणं एक.

कोलारच्या खाणी २८ फेब्रुवारी २००१ ला बंद झाल्या. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या. कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून १९०२ मध्ये वीज आली ती मुख्यतः या खाणींसाठी. आज गावात शिरताना आधी दिसतात ते सायनाइडच्या गाळाचे टेकाड, पावसाळ्यात नाल्यानाल्यांनी चिरलेले. पोरं त्यावर क्रिकेट खेळतात.

महाराष्ट्रातल्याबद्दल म्हणाल तर वरोरा विसरू नका. सरकारी कोळसा खाण, १८७१ ला सुरू, १९०६ ला बंद. वर्ध्याहून वरोऱ्याला रेल्वे आली ती या कोळशासाठी. आज वरोरा म्हटलं की लोकांना आनंदवन आठवतं, ते बरोबरच आहे, पण स्टेशन तिथे का आहे हे कुणी विचारत नाही.

---

मांडवीकाठची

गोव्याहून. आमच्याकडे २०१२ साली लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, मग थोड्या चालू झाल्या, मग २०१८ मध्ये परत थांबल्या. बंद खाण म्हणजे आमच्याकडे हिरवंनिळं तळं, कडेला लाल भिंत, पावसात दृष्ट लागेल असं. माझा मामा मांडवीत बार्जवर (खनिज नेणाऱ्या सपाट बोटीवर) होता. त्याच्याकडे भरती-ओहोटीच्या वेळांच्या वह्या आहेत, कोणत्या वळणावर बार्ज कधी रुतते ते सगळं. वाळवी लागायच्या आत फोटो काढून ठेवते. धाग्याबद्दल देव बरें करूं.

---

चानकवाली

सगळ्यांचे आभार. @कोलारचा_पाहुणा, हो, तोच जॉन टेलर. इथल्या माहितीफलकावर त्याचं नाव आहे, पण कोलारचं नाही. सोसायटीतल्या मंडळींना सांगितलं, तर एका आजोबांनी खिशातून वही काढून लगेच लिहून घेतलं आणि “स्पेलिंग?” विचारलं.

टेलर येण्याआधीची एक भानगडही इथे आहे, सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८३३ मध्ये मॅगपायचे खाणकरी आणि शेजारच्या रेड सॉइल खाणीचे, दोघेही शिशाची एकच शीर आपली म्हणून खणत खणत जमिनीखाली एकमेकांसमोर आले. मग एकमेकांना हुसकायला आत आगी लावून धूर करायचे. अशा एका धुरात रेड सॉइलचे तिघे गुदमरून मेले. पुढच्या वर्षी खटल्यात सगळे सुटले. त्या तिघांच्या बायकांनी खाणीला शाप दिला, असं इथे अजून सांगतात. फिरायला आलेल्यांना ही गोष्ट सांगायची पाळी माझ्यावर आली की मी शाप शेवटी सांगते आणि आधी धूर कसा चढतो ते सांगते. काकांनी काळ्या वायूचं लिहिलं आहे ना, तसं.

आणि आता खरी बातमी.

काकांच्या सांगण्याप्रमाणे केलं. भावाला कॉलनीतल्या घरी पाठवलं, बाबांच्या जोडीला शेजारचे तेलुगू अण्णा बसवले (ते लोडर होते, बाबांच्याच पाळीत), मध्ये चहा, आणि रेकॉर्डिंगचा फोन पालथा ठेवायला सांगितला. मी इथून व्हिडिओवर. पहिला प्रश्न: “बाबा, बत्तीघराची खिडकी कोणत्या बाजूला होती?”

बाबा म्हणाले, पूर्वेला. अण्णा म्हणाले, नाही, ऊन तोंडावर यायचं ते दुसऱ्या पाळीत. झालं! एक तास चाळीस मिनिटं. भावानं खडू आणला आणि दोघांनी फरशीवर नकाशा काढला. डिप (उताराचा रस्ता) कुठे, हॉलेज (टब ओढायचं दोराचं यंत्र) कुठे, पंप कुठे, कोणत्या लेव्हलला (आडव्या रस्त्याला) पाणी गळायचं म्हणून तिथे जेवायला बसत नसत. पंपाच्या जागेवरून इतकं वाजलं की आई आतून येऊन म्हणाली, “आता काय फरक पडते? बुजवली न खाण!” बाबा तिला म्हणाले, “तू चूप. हे पोट्टी लिहून राहिली.”

एकूण त्रेसष्ट शब्द मिळाले. त्यातले अकरा मी जन्मात ऐकले नव्हते. एकेका शब्दासमोर तो कुणाकडून आला हेही दोघे सांगत होते. हा छत्तीसगढवाल्यांचा, हा आमचा तेलुगू, हा साहेबाच्या तोंडचा मोडून केलेला. अण्णांनी एक गाणंही म्हटलं, टब ढकलतानाचं, दोनच ओळी. तिसरी त्यांना आठवली, पण आई तिथे उभी होती म्हणून म्हटली नाही. ती पुढच्या वेळी.

घंट्यांबद्दल विचारलं. चालत्या हॉलेजला एक घंटी म्हणजे थांब, यावर दोघांचं एकमत. बाकीच्यांवर नाही. वाद चढत गेला, अण्णांचा आवाज टिपेला पोचला, आणि बाबांनी चहाच्या कपाच्या काठावर चमच्यानं एकदाच वाजवलं. अण्णा वाक्याच्या मध्यात गप्प. दोघेही हसायला लागले. रेकॉर्डिंगमध्ये तो आवाज इतका स्वच्छ आला आहे की मी हेडफोन लावून सात-आठ वेळा ऐकला.

फरशीवरच्या नकाशाचे फोटो भावानं पाच बाजूंनी काढले, आईनं पुसायच्या आधी. मापाला म्हणून बाजूला बाबांची छडी ठेवली होती, ती साडेचार फुटी आहे. पिट्सबर्गकरांच्या सल्ल्याप्रमाणे यादी करते आहे: नकाशाचे फोटो, रेकॉर्डिंग, बाबांचा पितळी बिल्ला, सरदारकीचं प्रमाणपत्र, आणि अण्णांकडची जुनी पगारपत्रकं एकोणीस. पुढच्या आठवड्यात इथेच टाकते.

ओव्हरमन काका, एक अडलं आहे. दोन लेव्हलच्या मधे हवा अडवायला जो पडदा लावायचे, गोणपाटाचा किंवा कापडाचा, त्याला बाबा ‘पट्टी’ म्हणतात आणि अण्णा ‘पडदा’. बाबांचं म्हणणं, पडदा हा शब्द सिनेमातला, खाणीत कुणी बोलत नसे. तुमच्याकडे काय म्हणायचे?

---

निवृत्त ओव्हरमन

आमच्याकडे ब्रॅटिस. मूळ इंग्रजीच, मोडलेला. पण तुझ्या बाबाला सांग, पाच नंबर इन्क्लाइनला पट्टीच म्हणायचे. मी तिथे दीड वर्ष होतो. अण्णाला सांगू नको.